लॅटिनमधले 'वारस': हेरेस, लेगातारिउस, बोनोरुम पोस्सेस्सोर यांत नेमका फरक काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही एलएलबी करताय, डिझर्टेशनसाठी गायस या रोमन कायदेपंडिताचे वारशावरचे उतारे मूळ लॅटिनमधून वाचायला घेतलेत, शब्दांची यादी केलीत, आणि आता त्या यादीत हेरेस, सुउस हेरेस, लेगातारिउस, फिदेइकोम्मिस्सारिउस, बोनोरुम पोस्सेस्सोर या सगळ्यांसमोर "वारस" एवढंच लिहिलेलं आहे. शिवाय आजोळच्या म्हापशाच्या घराच्या पोर्तुगीज कागदात एर्देइरु आणि लेजीतिमा असे शब्द दिसले, ते याच घराण्यातले का, असंही विचारलंय. मी लॅटिन शिकवतो आणि गोव्याकडच्या जुन्या वाटण्यांच्या कागदांची भाषांतरं करून देतो, म्हणजे दोन्हीकडचं थोडंफार रोज हाताखालून जातं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

यादी पाठ करून हे सुटणार नाही. खरी अडचण अशी की आपल्याकडे वारस म्हटलं की ज्याला काहीतरी मिळालं तो, सातबाऱ्यावर ज्याचं नाव चढलं तो. रोमन माणसाच्या डोक्यात हेरेस म्हणजे मेलेल्याच्या जागी उभा राहणारा. त्याची जमीन, गुलाम, येणी, देणी, चालू व्यवहार, कुळाचे देव, सगळं एका झटक्यात याच्या अंगावर. हेरेदितासची, म्हणजे वारशाची, व्याख्याच त्यांनी अशी केलीय की मयताचा जो काही हक्क होता त्या सगळ्याच्या सगळ्यात मागाहून येणं. आणि कर्ज मालमत्तेपेक्षा जास्त निघालं तर हेरेसने ते स्वतःच्या खिशातून भरायचं, ही मूळची स्थिती. म्हणजे वारसा ही लॉटरी असेलच असं नाही, गळ्यातलं लोढणंही असू शकतं. म्हणून तर प्लाउतुस या रोमन नाटककाराच्या नाटकांतली पात्रं निर्भेळ फायद्याला "सिने साक्रिस हेरेदितास" म्हणतात, म्हणजे देवाधर्माच्या खर्चाशिवायचा वारसा. आपल्याकडे याज्ञवल्क्याने पिंड देणारा तोच अंश घेणारा असं दोनच शब्दांत सांगून टाकलंय, "पिण्डदोंऽशहरः", त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. फक्त आज वारस नोंदीच्या रांगेत उभं राहताना ती आठवत नाही इतकंच.

आता लेगातारिउस. याला लेगातुम मिळतं, म्हणजे मृत्युपत्रातून नेमून दिलेली वस्तू किंवा रक्कम. अमक्याला माझा गुलाम स्तिकुस, तमकीला शंभर नाणी. हा माणूस मयताच्या जागी उभा राहत नाही, त्याच्या अंगावर कर्ज येत नाही, त्याने आपली वस्तू घ्यायची आणि घरी जायचं. बरं, ती कोणाकडून घ्यायची? हेरेसकडून. इथे आपल्या कायद्याशी ताडून बघा, भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 मध्ये मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला एक्झिक्युटर असतो, रोमन मृत्युपत्रात तसा वेगळा माणूस मुळातच नाही, ते काम हेरेसचंच. एक्झिक्युटर अधिक उरलेल्या सगळ्याचा धनी अधिक कर्जदार, असे तिघे एकात धरले की हेरेस होतो. आणि हा नसेल तर मृत्युपत्रच नाही. गायस सरळ म्हणतो की हेरेसची नेमणूक हे अख्ख्या मृत्युपत्राचं डोकं आणि पाया आहे, त्या नेमणुकीच्या आधी लिहिलेलं लेगातुम जुन्या नियमाने फुकट जायचं.

मग उताऱ्यात ओळखायचं कसं? मी विद्यार्थ्यांना नामाकडे आधी बघूच देत नाही, क्रियापद शोधा म्हणतो. "तितिउस हेरेस एस्तो", तितिउस वारस असो, हे आज्ञार्थी एस्तो दिसलं की हेरेसची नेमणूक. "दो लेगो", देतो आणि नेमून ठेवतो, आणि शेजारी चतुर्थीतलं नाव, की ते लेगातुम, आणि या प्रकारात वस्तू थेट लेगातारिउसच्या मालकीची होते. "हेरेस मेउस दाम्नास एस्तो दारे", माझ्या वारसाने देणं भाग राहो, हेही लेगातुमच पण इथे मालकी थेट जात नाही, हेरेसवर नुसतं देण्याचं बंधन पडतं, म्हणून यात दुसऱ्याच्या मालकीची वस्तूसुद्धा ठेवता यायची, हेरेसने ती विकत घेऊन द्यायची नाहीतर किंमत मोजायची. या वाक्यात हेरेस शब्द आहे म्हणून इथे वारस नेमला जातोय असं समजू नका हां, हा घोटाळा परीक्षेच्या पेपरांत फार दिसतो. आणि "रोगो", "पेतो", "फिदेइ कोम्मित्तो", म्हणजे विनंती करतो, मागतो, तुझ्या इमानावर सोपवतो, अशी मऊ भाषा आली की ते फिदेइकोम्मिस्सुम.

या मऊ भाषेमागे कारण आहे. हेरेस किंवा लेगातारिउस व्हायला लायकीच्या अटी होत्या. परक्या नागरिकाला नेमता येत नव्हतं. इ.स.पू. 169 च्या वोकोनिउसच्या कायद्याने वरच्या वर्गातल्या श्रीमंताला बाईला हेरेस नेमायला बंदी केली, मग ती एकुलती एक लेक का असेना. मग लोक काय करायचे, चालणाऱ्या माणसाला हेरेस नेमायचे आणि त्याला विनवायचे की बाबा हे नंतर तिला दे. सुरुवातीला हा निव्वळ भरवशाचा मामला, त्याने नाही दिलं तर कोर्टात जायची सोय नाही. ऑगस्टसच्या काळापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि पुढे यासाठी खास प्रायतोर, म्हणजे न्यायदान बघणारे रोमन अधिकारी, नेमले गेले. तेव्हा फिदेइकोम्मिस्सारिउस म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हातातून ज्याच्यापर्यंत पोचायचं तो. त्याला वारस लिहिलंत तर अख्खी गंमतच जाते, कारण तो वारस होऊ शकत नव्हता म्हणून तर हा सगळा खटाटोप.

हेरेसचे तीन प्रकार गायसने केलेत ते आता. नेकेस्सारिउस, सुउस एत नेकेस्सारिउस, आणि एक्स्त्रानेउस. पहिला म्हणजे मालकाने मृत्युपत्रात मुक्त करून वारस नेमलेला स्वतःचा गुलाम. ऐकायला केवढं भाग्य वाटतं ना, पण हे बहुतेक वेळा दिवाळखोर मालक करायचे. मेल्यावर धनको मालमत्ता लिलावात काढणार, तो लिलाव ज्याच्या नावाने होईल त्याची अब्रू जाणार, मग ती आपल्या नावाने जाण्यापेक्षा गुलामाच्या नावाने जाऊ दे. त्याला नको म्हणायची सोय नाही, मालकाने डोळे मिटताक्षणी हा मुक्तही आणि वारसही. नेकेस्सारिउस म्हणजे इथे आवश्यक वगैरे अजिबात नाही, "सक्तीचा".

सुई हेरेदेस (शिवणकामाची सुई नव्हे, सुउसचं अनेकवचन) म्हणजे मयताच्या मरणावेळी त्याच्या थेट सत्तेखाली असलेली मुलं, मुली, आणि त्यातला एखादा मुलगा आधीच गेला असेल तर त्याची मुलं. गायस म्हणतो की हे घरचे वारस, बाप जिवंत असतानाही एका अर्थाने मालकच समजले जातात. मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यावरची टीका, वाचलेल्या माणसाला इथे लगेच जन्मसिद्ध हक्क आठवतो आणि साम्य आहेही, पण ते एका अर्थाने हे शब्द विसरू नका. रोमन बाप हयातीत सगळं फुंकून टाकू शकत होता, मुलगा वाटणी मागू शकत नव्हता, आणि बाप त्याला "एक्सहेरेस एस्तो" म्हणून बेदखलही करू शकत होता. मात्र ते स्पष्ट लिहावं लागायचं. मुलाला नाव घेऊन, मुलींना आणि नातवंडांना "बाकी सगळे बेदखल" अशा मोघम वाक्यात चालायचं. मुलाचा नुसता उल्लेखच राहिला, म्हणजे तो प्रायतेरितुस झाला, तर मृत्युपत्रच कोसळायचं. तेव्हा एक्सहेरेस आणि प्रायतेरितुस हे दोन्ही "वगळलेला" असे लिहू नका, एकाला मुद्दाम काढलंय, दुसऱ्याबद्दल काही बोललंच नाही, आणि परिणाम अगदी उलटे आहेत.

तिसरा एक्स्त्रानेउस. हा शब्द बघून परका, बाहेरचा असं वाटतं आणि तिथेच वाट चुकते. बाहेरचा म्हणजे मयताच्या सत्तेबाहेरचा. बापाने आपल्या सत्तेतून मुक्त केलेला सख्खा मुलगा एक्स्त्रानेउस. आईने वारस नेमलेली तिची पोटची मुलंसुद्धा एक्स्त्रानेई, कारण बाईला रोमन कायद्याने मुलांवर ती सत्ताच नव्हती. या लोकांना निवड होती, घ्यायचं की नाही. घेण्याला आदितिओ. त्याची एक औपचारिक तऱ्हा क्रेतिओ, मृत्युपत्रातच मुदत असायची, साधारण माहिती मिळून घेणं शक्य झाल्यापासून 100 दिवस, त्यात ठरलेले शब्द उच्चारायचे की अमक्याने मला वारस नेमलंय ती हेरेदितास मी घेतो. नाहीतर सरळ वारसासारखं वागायला लागायचं, गुलामांना खायला घाला, कुळांकडून पैसे घ्या, त्यानेही घेतल्यासारखंच. आणि कोणी घेईपर्यंत मधल्या काळात जी मालमत्ता धन्याविना पडून असते ती हेरेदितास याकेन्स, पडलेला वारसा. एकदा घेतला की परत नाही, "सेमेल हेरेस सेम्पेर हेरेस".

एवढं झालं तर थोडं थांबून जुळवून घ्या: हेरेस जागा घेतो, लेगातारिउस वस्तू घेतो, फिदेइकोम्मिस्सारिउसला इमानावर मिळतं. राहिले मृत्युपत्राशिवायचे.

बारा कोष्टकांचा कायदा, इ.स.पू. 451-450 चा, तिथलं वाक्य नीट वाचा. कोणी मृत्युपत्राविना मेला आणि त्याला सुउस हेरेस नसेल तर जवळच्या आद्ग्नातुसने "फामिलिआम हाबेतो". फामिलिआ इथे कुटुंब नाही, इस्टेट. आणि त्याने ती घ्यावी असं म्हटलंय, तो हेरेस असो असं म्हटलेलं नाही. आद्ग्नातुस म्हणजे पुरुषांच्या वंशातून जोडलेला, आपल्या भाषेत भाऊबंद म्हणा. बहिणीचा मुलगा यात येत नाही. मुक्त केलेला मुलगाही येत नाही, आणि हे लोकांना हळूहळू खटकायला लागलं. कायदा बदलायचा अधिकार प्रायतोरला नव्हता, मग त्याने काय केलं, वारस कोण ते कायद्याचं कायद्यापाशी, मी मालमत्तेचा ताबा कोणाला द्यायचा ते ठरवतो. हा बोनोरुम पोस्सेस्सिओ, आणि ज्याला मिळाला तो बोनोरुम पोस्सेस्सोर. त्यात मुक्त केलेल्या मुलांना जागा मिळाली, आईकडचे रक्ताचे नातेवाईक आले, अगदी शेवटी नवराबायकोही एकमेकांना आले. कागदावर हेरेस एक आणि घरात बसलेला दुसरा असंही होऊ शकायचं. भाषांतरात मी "प्रायतोरने ताबा दिलेला" असं लांब लिहितो, सुटसुटीत दिसत नाही पण खोटं तरी होत नाही.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग, हिश्श्यांचे शब्द. रोमन लोक अख्ख्या वारशाला आस म्हणायचे, नाण्यावरून, आणि त्याचे बारा भाग, उन्किआ. एकट्याने सगळं मिळालेला "हेरेस एक्स आस्से". अर्ध्याचा "एक्स सेमिस्से", तिसऱ्या हिश्श्याचा "एक्स त्रिएन्ते", पाव हिश्श्याचा "एक्स क्वाद्रान्ते", पाऊण हिश्श्याचा "एक्स दोद्रान्ते". आपले आणे-पैचे हिस्से ज्यांनी जुन्या कागदात वाचलेत त्यांना हे चटकन बसतं, फक्त सोळाऐवजी बारा.

सीझरचं मृत्युपत्र यावर उत्तम सराव आहे, सुएतोनिउस या रोमन चरित्रकाराने त्याचा तपशील दिलाय. बहिणींच्या वंशातले तिघे हेरेस, गायुस ओक्ताविउस एक्स दोद्रान्ते, म्हणजे बारातले नऊ भाग, आणि लुकिउस पिनारिउस व क्विन्तुस पेदिउस उरलेल्या पावात. सगळ्यात शेवटी, "इन इमा केरा", मेणाच्या पाटीच्या तळाशी, ओक्ताविउसला आपल्या कुळात आणि नावात घेतलं. मारेकऱ्यांतला देकिमुस ब्रुतुस होता "इन सेकुन्दिस हेरेदिबुस", दुय्यम वारसांत. आता हेरेस सेकुन्दुस म्हणजे दुसऱ्या नंबरचा हिस्सेदार असं लावाल तर चुकेल, पहिला वारस झालाच नाही तर त्याच्या जागी येणारा तो. आणि रोमच्या लोकांना माणशी 300 सेस्तेर्तिउस नि नदीकाठच्या बागा ठेवल्या होत्या, ते लोक हेरेस नव्हेत, त्यांना लेगातुम. एका मृत्युपत्रात तुमच्या यादीतले अर्धे शब्द येऊन गेले. पुढचा ऑगस्टस तो हाच ओक्ताविउस, आणि सीझरचा साथीदार अंतोनिउस याच्याशी त्याचं वाजलं त्यात हे माणशी 300 कोणी भरायचे हाही मुद्दा होता, ते हेरेस म्हणून याने भरले, तेही आपली मालमत्ता विकून.

याच हिशोबातली एक अडचण तुमच्या उताऱ्यांत येईलच. समजा एकालाच नेमलं आणि लिहिलं "एक्स सेमिस्से", अर्ध्याचा वारस, बाकी अर्ध्याबद्दल चकार शब्द नाही. आपण म्हणू उरलेलं अर्धं कायद्याने नातेवाइकांना जाईल. रोममध्ये त्याला सगळंच मिळायचं. कारण माणूस अर्धा मृत्युपत्राने आणि अर्धा मृत्युपत्राविना मरू शकत नाही हा त्यांचा पक्का नियम (सैनिकांना सवलत होती). हेरेस म्हणजे जागा घेणारा हे लक्षात असेल तर हा नियम तऱ्हेवाईक वाटत नाही, अर्धी जागा कशी घेणार?

"इन स्तिर्पेस" आणि "इन कापिता" पण तुम्ही विचारलं होतं, ते सोपं आहे, शाखेनुसार आणि माणशी. मेलेल्या मुलाच्या तीन मुलांना मिळून बापाचा एकच हिस्सा, ही शाखावार वाटणी, हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 च्या कलम 10 मध्ये मयत मुलाच्या शाखेला एक हिस्सा दिलाय तोच हिशोब. वकिलांच्या तोंडी "पर स्टर्पीज" आहे, गायसमध्ये "इन" दिसेल, गोंधळू नका.

हे सगळं कशावर अवलंबून आहे म्हणाल तर उतारा कोणत्या काळाचा यावर. मी वर सांगितलं ते मुख्यतः गायसच्या, म्हणजे दुसऱ्या शतकातल्या चित्राला धरून. सम्राट युस्तिनिआनस 6व्या शतकात येतो तोवर बरंच बदलतं, लेगातुम आणि फिदेइकोम्मिस्सुम त्याने एकाच पातळीवर आणले, 543 च्या आदेशाने भाऊबंदांचं वेगळं वजन काढून रक्ताचं नातं धरलं, आणि 531 मध्ये इन्वेन्तारिउमची, म्हणजे मालमत्तेच्या यादीची, सोय दिली, हेरेसने 30 दिवसांत यादी करायला घेऊन पुढच्या 60 दिवसांत पुरी केली तर कर्जाची जबाबदारी मालमत्तेपुरतीच. म्हणून तुम्ही वाक्य कुठलंय ते सांगितल्याशिवाय "याचा अर्थ काय" याचं उत्तर मी अर्धंच देऊ शकतो.

आता म्हापशाचा कागद. होय, घराणं तेच. इन्वेन्तारिउमच पुढे पोर्तुगीज इन्व्हेंतारियु झालं, गोव्यात आजही लोक "इन्व्हेंटरी घातली" म्हणतात ते वाटणीच्या कोर्टातल्या कामाला. एर्देइरु मात्र थेट हेरेसपासून आलेला नाही, हेरेदितारिउस या विशेषणापासून आलाय. लेजीतिमा म्हणजे रोमन लेगितिमा पार्स, जवळच्यांना डावलता येणार नाही असा राखीव भाग, रोममध्ये आधी कायद्याने मिळणाऱ्या हिश्श्याचा पाव होता, युस्तिनिआनसने वाढवला. 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून तो गोव्यात आला आणि आता वारशाचा भाग 2012 च्या गोव्याच्या कायद्यात आहे, तिथे मुलांसाठी लेजीतिमा निम्मी.

पण निम्मी कशाची, हे बघा, कारण कागद वाचताना इथेच लोक फसतात. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र, आणि एक गेला की आधी दुसऱ्याचं निम्मं बाजूला निघतं, त्याला मेआसांव म्हणतात. ते वारसा नव्हेच, ते तिचं किंवा त्याचं आधीपासूनचंच. मयताच्या उरलेल्या निम्म्यातली निम्मी लेजीतिमा. म्हणजे मृत्युपत्राने मनासारखं देता येतं ते एकूण घराच्या फक्त पाव. तुमच्या कागदात आजीचं नाव मेएइरा म्हणून असेल तर तिला वारसांत मोजू नका, हिशोब पूर्ण चुकेल. "काबेस द काझाल" दिसलं तर तोही वारसातला मोठा हिस्सेदार वगैरे नाही, इन्व्हेंटरीचं काम चालवणारा, यादी देणारा माणूस, बहुतेक वेळा हयात जोडीदार. प्रत्यक्ष हक्काचं काय ते मात्र तिथल्या वकिलाला मूळ कागद दाखवूनच ठरवा, माझं काम शब्दांपुरतं.

डिझर्टेशनमध्ये मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका असं माझं मत आहे. हेरेसला वारस ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत कर्जासकट जागा घेणारा हे सांगून टाका, बाकी शब्द देवनागरीत लॅटिनच राहू द्या. आणि जुन्या छापील पुस्तकांत हाएरेस असं स्पेलिंग दिसेल, तो शब्द वेगळा नाही, कोशात हेरेस खाली बघा, षष्ठी हेरेदिस, आणि पुल्लिंगी-स्त्रीलिंगी दोन्हीला एकच रूप आहे, त्यामुळे नुसत्या हेरेस शब्दावरून वारस मुलगा की मुलगी ते कळत नाही, शेजारचं विशेषण किंवा नाव बघावं लागतं.